धारेचा दगड आणि त्याची पारख

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून शिक्षण, विवाहातील खर्च, व्यसने इत्यादी विषयांवर विद्वान वक्त्यांची व्याख्याने आपण ऐकत आला आहात. मी विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालो आणि आयुष्यभर खेड्यापाड्यांतील मुलांना शिकवून आता निवृत्त झालो आहे. चिटणीसांनी आपल्या धंद्यातील एखाद्या जुन्या वस्तूविषयी बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी धार लावण्याचा दगड हा विषय घेण्याचे ठरविले. कोणी त्यास निसणा म्हणतात, कोणी सहाण म्हणतात, तर हिंदी मुलुखाच्या शेजारामुळे कोणी सिल्लीही म्हणतात. आपल्या वाडवडिलांच्या धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, आरसा, वाटी आणि हा दगड असे. आरशाकडे सर्वांचे लक्ष जाई, वस्तऱ्याची वाखाणणी होई. दगडाचे नाव कोणी काढीत नसे. परंतु दगड हलका निघाला तर उत्तम पोलादाचा वस्तराही गिऱ्हाइकाच्या गालावर ओढू लागे, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या वाड्यात जाई. घरची चूल पेटती राहणे त्या वीतभर दगडावर अवलंबून होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

प्रथम धार म्हणजे काय, याचा विचार करू. पुष्कळांची अशी समजूत असते की दगडावर घासल्याने लोखंड पातळ होते, इतकेच. खरी गोष्ट अशी की दगडातील कठीण कण हे अत्यंत लहान तासण्यांप्रमाणे काम करतात व पोलादावरून बारीक कीस काढतात. प्रत्येक कण आपला एक ओरखडा मागे ठेवतो. कण मोठा असेल तर ओरखडा खोल, आणि धारेच्या टोकाशी करवतीसारखे दाते पडतात. कण लहान असेल तर ओरखडा उथळ, आणि धार एकसारखी होते. माणसाचा केस जाडीने सुमारे ५० ते १०० मायक्रॉन असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. उत्तम वस्तऱ्याच्या धारेची कड एका मायक्रॉनहूनही बारीक असते. इतकी बारीक कड जो दगड घडवितो, त्याच्या अंगी कोणते गुण असले पाहिजेत?

असे गुण तीन आहेत. पहिला कणांचा कठीणपणा. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख मोह्स याने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक शिडी तयार केली. तीत शंखजिऱ्याला १, चुनखडीतील कॅल्साइटला ३, फेल्डस्पारला ६, गारेला म्हणजे क्वार्ट्‌झला ७, कुरुंदाला ९ आणि हिऱ्याला १० अशी स्थाने आहेत. पाणी दिलेले पोलाद साधारण ६ ते ७ च्या दरम्यान बसते. तेव्हा ज्या दगडात गारेइतके किंवा त्याहून कठीण कण नाहीत, तो पोलादाला कापू शकत नाही. दुसरा गुण कणांचा आकार व त्यांची एकसारखी वाटणी. हजार बारीक कणांत एक जाड कण असला तरी तो सर्व कामावर पाणी फिरवितो. तिसरा गुण कणांना धरून ठेवणाऱ्या बंधाचा. बंध अगदी सैल असेल तर कण भराभर सुटतात, दगड लवकर कापतो पण लवकर झिजून मधोमध खोलगट होतो. बंध अगदी घट्ट असेल तर बोथट झालेले कण जागचे हलत नाहीत, दगडाला तकाकी येते आणि वस्तरा नुसता घसरू लागतो. ज्या दगडात हे तिन्ही गुण योग्य प्रमाणात एकत्र आले, तोच चांगला दगड होय.

आता आपल्या बुलढाणा जिल्ह्याकडे पाहू. बालाघाटातून पैनगंगेकडे उतरा, वा अजिंठ्याच्या डोंगररांगेने फिरा, चोहीकडे काळा दगड आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून तो तयार झाला. लोणारच्या विवराच्या कड्यात हे थर एकावर एक रचलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. या काळ्या दगडाने आपली घरे बांधली, देवळे उभारली, जाती व पाटे-वरवंटे दिले. तथापि वस्तऱ्यासाठी तो उपयोगी पडला नाही. त्याचे कारण आता आपल्या ध्यानी येईल. त्यातील फेल्डस्पार व पायरॉक्सीन ही मुख्य खनिजे कठीणपणात ६ च्या आसपास आहेत, म्हणजे पोलादाच्या बरोबरीची किंवा किंचित खालची. शिवाय त्यांचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असल्यामुळे नवे कण सुटून वर येत नाहीत. म्हणून विहिरीच्या काठाच्या दगडावर शेतकऱ्याचा विळा घासला जातो, तेथे खाचाही पडतात, परंतु वस्तऱ्याला तोच दगड चालत नाही. विळ्याला दातेरी कड चालते, किंबहुना कापणीस ती बरी पडते. गालाला ती चालत नाही.

याच काळ्या दगडाच्या पोकळ्यांत गारगोट्या व अकीक तयार होतात. आपल्या शेतांतून व ओढ्यांतून त्या विपुल सापडतात. त्यांचा कठीणपणा ७ च्या जवळ, कण इतके सूक्ष्म की डोळ्यांस दिसतच नाहीत. मग त्यांचा निसणा का होत नाही? त्यांचे कण इतके घट्ट बांधलेले असतात की घासलेला अकीक काचेसारखा गुळगुळीत होतो व कापण्याऐवजी चकाकी देतो. म्हणूनच सोनारमंडळी दागिन्यांना ओप देण्यास अकीक वापरतात. उत्तरेकडे पूर्णेच्या खोऱ्यात तर खोल गाळाची जमीन असल्याने दगड मिळण्याचीच अडचण. या जिल्ह्याच्या मातीने आपल्याला कापूस व ज्वारी दिली, पण वस्तऱ्याचा दगड दिला नाही. तो नेहमी बाहेरून आणावा लागला. बाहेरून आलेल्या वस्तूची पारख करण्यावाचून गत्यंतर नसते. आपल्या वडीलधाऱ्यांची दगडाची पारख अशी गरजेतून जन्मास आली.

बाहेरून येणाऱ्या दगडांत सामान्य दगड म्हणजे वालुकाश्म. वाळूचे, म्हणजे बहुधा गारेचे कण नैसर्गिक बंधाने एकत्र चिकटून तो बनतो. विदर्भातच नागपूर व चंद्रपूरकडे कामठी वालुकाश्म म्हणून ओळखले जाणारे खडक आहेत. उत्तरेस विंध्यातील वालुकाश्मांच्या खाणी प्रसिद्ध आहेत. भूशास्त्रज्ञांच्या व्याख्येप्रमाणे वाळूचा कण मिलिमीटरच्या सोळाव्या भागाहून लहान नसतो. म्हणजे तो जवळजवळ केसाच्या जाडीचा झाला. अशा दगडावर कोयता, कुऱ्हाड, सुताराचा वाकस यांना चांगली धार येते, वस्तऱ्याची मोडलेली कडही सरळ करता येते. पण शेवटचा हात त्यावर फिरविता येत नाही. त्यासाठी वाळूहून बारीक अशा गाळापासून झालेले खडक पाहिजेत. आपण ज्या पाटीवर अक्षरे गिरविली, त्या पाटीच्या दगडाचे हे खडक भाऊबंद समजावेत.

जगात अशा बारीक दगडांची काही नामांकित ठिकाणे आहेत. बेल्जियम देशात आर्देन्सच्या डोंगरांत साल्म नदीच्या खोऱ्यात एक पिवळसर दगड निघतो. त्याच्या थरास लागूनच जांभळट-निळा दगड असतो, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच तुकड्यात चिकटलेले मिळतात. पिवळ्या भागात गार्नेटचे असंख्य सूक्ष्म कण असतात. त्यांचा आकार ५ ते २० मायक्रॉन. हे कण कोनदार सुयांसारखे नसून अनेक पैलूंच्या गोळ्यांसारखे असल्यामुळे ते खोल ओरखडा काढीत नाहीत, म्हणून कणाच्या मानाने धार फारच मऊ येते. निळ्या भागात तेच गार्नेट, पण कमी प्रमाणात. त्यामुळे तो सावकाश कापतो. त्याचा जांभळा रंग लोहाच्या भस्माचा आहे, कापण्याशी त्या रंगाचा संबंध नाही.

अमेरिकेतील आर्कान्सॉ राज्यात एक दगड निघतो, त्याचे शास्त्रीय नाव नोव्हॅक्युलाइट. लॅटिन भाषेत नोव्हॅक्युला म्हणजे वस्तरा, तेव्हा या नावाचा अर्थ सरळ वस्तऱ्याचा दगड असा होतो. आपल्या धंद्याच्या हत्याराचे नाव एका खडकाला मिळावे, हे आपणांस कौतुकाचे वाटेल. हा दगड जवळजवळ शुद्ध सिलिकेचा असतो. तो पांढरा मिळतो, करडा मिळतो, गुलाबी छटेचा मिळतो आणि काळाही मिळतो. काळेपणा कर्बाच्या अल्प अंशामुळे येतो. त्याची प्रत मुख्यतः घनतेवर ठरते. ज्यात सूक्ष्म छिद्रे अधिक, तो वजनास हलका, काम जलद करणारा व जाडसर धार देणारा. ज्यात छिद्रे कमी, तो जड, सावकाश काम करणारा व तलम धार देणारा.

जपानात क्योटो शहराच्या भोवतालच्या डोंगरांतून अंतिम धारेचे दगड शतकानुशतके काढले गेले. समुद्राच्या तळाशी साचलेल्या अतिसूक्ष्म गाळाचे ते दगड. तेथील कारागिरांनी त्यांच्या रंगांस व ठिपक्यांस नावे दिली आहेत. काळ्या डागांच्या दगडाला ते कावळा म्हणतात, बारीक ठिपक्यांच्या दगडाला नासपतीची साल म्हणतात. परंतु जाणता कारागीर नावावरून दगड विकत घेत नाही. एकाच खाणीतील दोन दगड शेजारी ठेवून, घासून पाहून मगच घेतो.

दगडाचा हा विचार फार प्राचीन आहे. इ. स. ७९ मध्ये मृत्यू पावलेल्या प्लिनी नामक रोमन ग्रंथकाराने आपल्या विश्वकोशात धारेच्या दगडांचे वर्ग पाडले आहेत: काही तेलावर चालणारे, काही पाण्यावर चालणारे, आणि स्पेनमधून येणारा एक प्रकार असा की ज्यावर न्हावी आपली थुंकी लावून वस्तरा घाशीत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आपल्या व्यवसायबंधूंचा असा उल्लेख आहे. त्यातील थुंकीची पद्धत मात्र कोणी उचलू नये, इतके सांगून पुढे जातो.

आता मुख्य मुद्दा. पिवळा दगड तो विलायती, म्हणून उत्तम. काळा तो कठीण. पांढरा तो कच्चा. अशी समीकरणे आपल्यात पुष्कळ ऐकू येतात. वरील उदाहरणांवरून ती टिकत नाहीत हे दिसून येईल. बेल्जियमचा पिवळा दगड उत्तम, पण पिवळा वालुकाश्म केवळ कोयत्यापुरता, कारण त्याचा पिवळेपणा लोहाच्या गंजाचा. आर्कान्सॉचा काळा दगड वस्तऱ्यास योग्य, आपला काळा दगड अयोग्य, आणि सोनाराची काळी कसोटी ही तर सोन्याचा कस पाहण्यासाठी, धार लावण्यासाठी नव्हे. पांढरा नोव्हॅक्युलाइट पोलाद कापतो, आणि त्याच्यासारखाच पांढरा, हाताला त्याहून गुळगुळीत लागणारा संगमरवर ३ च्या कठीणपणाचा असल्याने उलट पोलादच त्याला कापते. रंग दगडात मिसळलेल्या अल्पशा द्रव्याने येतो. गुण कण व बंध यांवर ठरतो. एकाच खाणीतून निघालेल्या दगडांत रंगाने थर ओळखण्यास मदत होईल, पण परक्या दगडाची परीक्षा रंगाने करणे म्हणजे मुलाची हुशारी सदऱ्यावरून ठरविण्यासारखे आहे. मी वर्गात ते कधी केले नाही आणि दगडाच्या बाबतीतही करू नये असे सांगतो.

मग परीक्षा कशी करावी? घरच्या घरी करण्याजोग्या काही कसोट्या सांगतो. दगडाच्या कोपऱ्याने फुटक्या काचेवर रेघ ओढावी. रेघ उमटली नाही तर त्या दगडाकडून फार अपेक्षा ठेवू नये. दगडाची थोडी पूड करून तिच्यावर लिंबाचा रस टाकावा. फेस आला तर तो चुन्याच्या जातीचा आहे, तो बाजूस ठेवावा. दगड हातावर तोलून धरून लाकडाने हलके वाजवावा. आवाज खणखणीत असेल तर ठीक, बद्द असेल तर आत चीर असण्याचा संभव. पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाकावा. तो चटकन शोषला गेला तर दगड सच्छिद्र व जलद कापणारा, थेंब तसाच राहिला तर घट्ट व सावकाश कापणारा. ओल्या दगडावर पोलाद दहा वेळा फिरवावे. पाणी काळे झाले तर दगड कापतो आहे, कारण ती काळिमा लोखंडाच्या किसाची असते. नंतर भिंगातून धारेचा उतार पाहावा. ओरखडे सुटे सुटे मोजता येत असतील तर दगड जाडा; सर्वत्र एकसारखी धुरकट झाक दिसत असेल तर तो बारीक. धुरकट झाकेत मधूनच एखादा खोल ओरखडा दिसला, तर त्या दगडात परका कण आहे. तो कितीही सुंदर दिसला तरी वस्तऱ्याजवळ आणू नये. आणखी एक गोष्ट. ज्या दगडाला एकदा तेल लावले, त्यावर पुन्हा पाणी वापरण्याच्या भरीस पडू नये, कारण छिद्रांत बसलेले तेल सहजासहजी निघत नाही.

आमच्या शालेय मुलांना या निमित्ताने एक प्रयोग करता येईल. दगड प्रथम हवेत तोलावा, मग दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोलावा. हवेतील वजनाला दोन वजनांतील फरकाने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. शुद्ध गारेचे ते २.६५ आहे. एकाच जातीच्या दोन सिलिकायुक्त दगडांपैकी ज्याचा आकडा २.६५ च्या अधिक जवळ, तो अधिक घट्ट. निरनिराळ्या जातींच्या दगडांची तुलना मात्र अशी करता येणार नाही. मोठ्यांच्या धंद्याचा दगड व मुलांचे पुस्तकातील आर्किमिडीज यांची गाठ अशा रीतीने घरातच पडेल.

नैसर्गिक दगडांच्या या राज्यास धक्का दिला तो कृत्रिम दगडांनी. कुरुंद आपल्या देशास पूर्वीपासून ठाऊक होता. त्याची पूड लाखेत मिसळून शिकलगार आपली सहाणेची चाके करीत. इंग्रजीतील कोरंडम हा शब्दही आपल्या देशातूनच, तमिळ भाषेतून गेला आहे. पुढे अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन याने १८९१ साली विजेच्या भट्टीत कार्बोरंडम हा कुरुंदाहूनही कठीण पदार्थ तयार केला. आपल्या देशात १९५४ साली मद्रासेस कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी निघाली. या दगडांतील कण चाळून एका मापाचे घेतलेले असतात, त्यामुळे दुकानातून आणलेले एका क्रमांकाचे दोन दगड सारखेच निघतात. नैसर्गिक दगडांत असे कधी घडत नाही. पारख करण्याची गरज येथून कमी होत गेली.

दुसरा धक्का पात्याचा. किंग जिलेट याला सुरक्षित वस्तऱ्याचे पेटंट १९०४ साली मिळाले आणि फेकून देण्याचे पाते जगभर पसरले. आपल्या दुकानांत ते उशिरा आले, पण आले ते योग्य कारणाने. भारतात एच. आय. व्ही.ची बाधा प्रथम १९८६ साली आढळली. ब प्रकारची कावीळही रक्तातून पसरते. एकाच वस्तऱ्याने अनेकांची दाढी करणे त्यामुळे धोक्याचे ठरले. येथे आपल्या समाजात दोन पक्ष पडलेले मी पाहतो. काही वृद्ध म्हणतात, दगडावर पाजविलेल्या वस्तऱ्याची सर पात्याला नाही. काही तरुण म्हणतात, दगड ही अडगळ, ती फेकून द्या.

दोन्ही पक्षांचा मान राखून मी माझे मत सांगतो. वृद्धांना माझी विनंती अशी की, गिऱ्हाइकाच्या गालावर प्रत्येक वेळी नवे पातेच चालले पाहिजे. ज्या सूक्ष्म छिद्रांमुळे दगड चांगला ठरतो, तीच छिद्रे त्याला निर्जंतुक करू देत नाहीत. चामड्याच्या पट्ट्याचेही तेच. आपल्या हातावर विश्वास ठेवून मान पुढे करणाऱ्या माणसाचे आरोग्य हे आपल्या कसबाहून मोठे आहे. तरुणांना माझे सांगणे असे की, दगड दुकानातून गेला तरी घरातून जाऊ देऊ नका. विळी, सुरी, शिवणाची कात्री, सुताराची पटाशी ही हत्यारे आजही धार मागतात. ज्या दगडाने तुमच्या आजोबांनी मुले शिकविली, तो दाराला अडकण म्हणून पडलेला पाहून मला वाईट वाटते. दगड दहा पिढ्या टिकेल. परंतु हा तांबडा कशासाठी, हा करडा कशासाठी, याच्यावर तेल की पाणी, हे सांगणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांच्याबरोबर ते ज्ञान गेले की तो नुसता दगड राहील. आपल्या पूर्वजांना लिहिता येत नव्हते म्हणून त्यांना विद्या नव्हती असे कोणी समजू नये. त्यांची विद्या बोटांत होती. ती कागदावर उतरविण्याचे काम आपल्या शिकलेल्या पिढीचे आहे.

एक सावधगिरीची सूचना. दगड घासावयाचा तो नेहमी ओला करून घासावा; यंत्राच्या चाकावर कोरडा धरून त्याची धूळ उडवू नये. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार, आणि खंबायत येथे अकीक घासणारे कारागीर, दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊन अकाली गेले आहेत. गारेची सूक्ष्म धूळ एकदा छातीत बसली की बाहेर निघत नाही. पाण्याचा हात हा नुसता धारेसाठी नाही, प्राणासाठीही आहे.

शेवटी मंडळापुढे एक योजना ठेवतो. पुढील मेळाव्यास प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरचा दगड घेऊन यावे. त्याचा रंग, लांबी-रुंदी, वजन, तो कोठून आला याची घरात चालत आलेली माहिती, त्यावर तेल वापरीत की पाणी, आणि तो कोणत्या हत्यारासाठी वापरीत, एवढे एका वहीत नोंदवावे. लिहिण्याचे काम आमच्या विद्यार्थ्यांनी करावे व सांगण्याचे काम वृद्धांनी. ती वही मंडळाच्या कपाटात राहावी व तिच्यातील निवडक नोंदी पुढील स्मरणिकेत छापाव्यात. यास खर्च एका वहीचा आहे. अक्षर तपासून देण्याचे काम मी आनंदाने पत्करीन. तेवढी सवय मला आहे.



जय हिंद, जय महाराष्ट्र.